हरेल त्यानं मांडायचं

कानिफनाथ खेतमाळीस यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते एक खोटी पाटी लिहीत होते.

१९७१ सालचा जुलै महिना. मिरजगावच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर रुजू होऊन मला तीन आठवडे झाले होते. मी मूळची राहात्याची. वय बावीस. छबूबाई नावाच्या बाईंच्या घरातली पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. शनिवारी शाळा सकाळची असे, म्हणून त्या दुपारी ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन मी सोलापूर रस्त्यालगतच्या गिरणीत गेले. गावात तेव्हा गिरणी ती एकच, डिझेलच्या इंजिनावर चालणारी. धुराड्यावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला असायचा आणि त्यातून निघणारा पुक्-पुक् आवाज वेशीपर्यंत ऐकू जायचा. त्या दिवशी आवाज नव्हता. सात-आठ बाया दळणं पुढ्यात घेऊन गप्प बसल्या होत्या, आणि दाराशी एक उंच, हडकुळा माणूस भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहीत होता: 'पटा तुटला हाय.'

केस, भुवया, पापण्या सगळं पिठाने पांढरं, त्यामुळे वय कळेना. ते अडतीस वर्षांचे होते हे मला पुढे कळलं. बाया त्यांना नाना म्हणत होत्या.

मी नवी होते, म्हणून दोन चुका केल्या. आधी आत डोकावले. इंजिनाच्या चाकावरून गिरणीच्या चाकापर्यंत गेलेला लांब पट्टा जागच्या जागी होता, कुठे उसवलेलासुद्धा नव्हता.

"नाना, पट्टा तर चांगला दिसतोय," मी म्हणाले.

मागून कोणीतरी माझा पदर ओढला. मग मी दुसरी चूक केली. खडू घेतला आणि 'पटा'मधल्या ट ला अर्धा ट जोडून दिला.

नानांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुटल्यालं लिवायला बी शुद्धलेखन लागतं व्हय?" एवढं बोलून ते आत गेले आणि पोत्यांवर, भिंतीकडे तोंड करून, निजले.

घरी छबूबाईंनी उलगडा केला. "पट्टाबिट्टा काय न्हाई तुटला. नाना डाव हरलाय. कुनी तरी टरकवाला चहाला थांबला हुता, त्याला काय ठावं? बसला खेळाया आन् जितला. आता उद्यापतुर गिरनी बंद."

"हरले म्हणून गिरणी बंद?"

"मंग काय तर. तसं मानूस लई चांगलं हाय. हरलं की न्हाई आवरत त्याला."

"नेहमी हरतात?"

"छ्या. गावात त्याला कुनी हरवत न्हाई. ह्ये बाहेरचे येत्यात ना, त्येंचं भ्याव."

मी भाषा शिकवणारी बाई. 'कुनी हरवत न्हाई' हे वाक्य मी ऐकलं आणि मनात त्याचा अर्थ लावला, कोणी हरवू शकत नाही. छबूबाई मात्र जे म्हणायचं तेच म्हणाल्या होत्या. हा फरक मला कळायला पाच महिने लागले, आणि कळला तो फार महागात.

नानांचा खेळ म्हणजे नवकंकरी. गिरणीच्या ओट्यावरच्या फरशीत एकात एक असे तीन चौकोन कोरलेले होते आणि त्यांच्या बाजू मधोमध रेघांनी जोडलेल्या होत्या. दोघांकडे नऊ-नऊ खडे. नानांचे मक्याचे दाणे, समोरच्याचे चिंचोके. आळीपाळीने ठेवायचे, मग रेघेरेघेने सरकवायचे. आपले तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याच्याकडे दोनच उरले तो हरला. खेळ दिसतो सोपा, पण डोकं मागतो.

समोर रोज बसायचे ते बाबाजानभाई पिंजारी. गिरणीला लागून पत्र्याच्या खोलीत ते कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरायचे. दुपारी दीड-दोनला दळणाची गर्दी ओसरली की हे दोघे ओट्यावर समोरासमोर बसत, एक पिठाने पांढरा, दुसरा कापसाने. दोन डाव होत. दोन्ही नाना जिंकत. बाबाजानभाई कपाळावर हात मारून म्हणत, "न्हाई बाबा, तुज्याम्होरं चालत न्हाई आपलं." मग मालनबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, दोघांना चहा देत. दळण पुन्हा सुरू होई आणि गावाचा दिवस पुढे सरके.

मला नाना आवडू लागले होते हे सांगितलं पाहिजे. दळण देताना ते पीठ चिमटीत घेऊन बोटांवर चोळून बघत. डबा उघडायच्या आधी वासावरून सांगत, "ही शाळू नव्हं, बाई. दुकानदारानं फसिवलं तुमाला." लेकुरवाळी बाई आली तर तिचं दळण रांगेतून पुढे घेत आणि कोणी कुरकुरलं तर न ऐकल्यासारखं करत. एका घरचं पीठ दुसऱ्या घरच्या पिठात चमचाभरही मिसळू द्यायचे नाहीत. एवढ्या काटेकोर माणसाला एक मक्याचा दाणा गमावला की जेवण जाऊ नये, याचं मला नवल वाटे.

डिसेंबरात बाबाजानभाई भाचीच्या लग्नाला नगरला गेले, चार दिवसांसाठी. मी दळण घेऊन गेले तेव्हा नाना ओट्यावर एकटेच दाणे मांडत बसले होते.

"बाई, तुमाला येतं का ह्यातलं काई?"

"येतं थोडं. वडिलांनी शिकवलंय."

"मंग बसा की. दळनाला टाइम हाय."

मी बसले. इंजिन बसल्यापासूनच्या अकरा वर्षांत गावात ज्याला कोणी हरवलं नाही त्याच्याशी खेळायचं म्हणजे मी हरणारच, एवढं मी धरून चालले होते. म्हणून मन लावून खेळले. वीसेक मिनिटांत नानांच्या पुढ्यात दोन दाणे उरले. मी खुशीत मान वर केली. मालनबाई हातातलं सूप तसंच धरून उभ्या होत्या. एका म्हातारीने तर पाटी लिहायची वाटही पाहिली नाही. आपली टोपली डोक्यावर घेतली आणि घरची वाट धरली.

नाना उठले. इंजिन बंद झालं. पाटीवर या वेळी त्यांनी 'पट्टा' बरोबर लिहिलं.

गिरणी तीन दिवस बंद राहिली. ट्रकवाल्याला एक दिवस मिळाला होता, मला तीन मिळाले, कारण मी गावची होते. वर्गात मुलं भाकरीऐवजी घुगऱ्या आणू लागली. एका मुलीने हजेरीच्या वेळी उभं राहून विचारलं, "बाई, माजी आई इचारती, तुमी पुन्हा कवा खेळनार?" पाण्याच्या आडावर बाया मला ऐकू जाईल अशा बेताने एकमेकींशी बोलत, "येवढ्या शिकल्या, आन् हरायचं त्येवढं न्हाई शिकल्या."

छबूबाईंनी अडगळीतून जातं बाहेर काढलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी खुंटा सोडून त्यांनी दंड चोळले आणि म्हणाल्या, "हात भरून आलेत माजे. आज जा, आन् हरून या."

"मुद्दाम?"

"मंग? बाबाजान अकरा वर्सं काय करतोय?"

तेव्हा कुठे मला ते वाक्य कळलं.

त्या दुपारी मी गेले. बाबाजानभाई सकाळच्या एसटीने परतले होते आणि ओट्याच्या कडेला बसून होते. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले. मालनबाई म्हणाल्या, "उठा, बाई आल्यात खेळाया." नाना उठले, तोंडावर पाणी मारलं आणि काही न बोलता फरशीपुढे बसले.

हरणं हीसुद्धा कला आहे आणि तिला सराव लागतो. बाबाजानभाईंना अकरा वर्षांचा होता. ते असे हरत की शेवटपर्यंत जिंकतील असं वाटावं. मला त्यातलं काही येत नव्हतं. माझे दोन चिंचोके एका रेघेवर होते, तिसरा शेजारीच, आणि मी चौथाच उचलून भलतीकडे सरकवला.

नानांचा हात हवेत थांबला. "बाई, ही रेघ दिसली न्हाई?"

"नाही दिसली."

"पयलीतलं पोरगं बी सरकवील हितं."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण झटकन येत नाही.

"त्या दिशी तर समद्या रेघा दिसत हुत्या तुमाला." ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हळूच त्यांची मान वळली. बाबाजानभाई आपल्या बाहीवरचा कापूस वेचत होते.

"बाबाजान."

"हां."

"तुला बी रेघा दिसत न्हवत्या व्हय?"

बाबाजानभाईंनी बाहीवरचा शेवटचा धागा काढला, बोटांत वळला. "दिसत हुत्या," ते म्हणाले.

"कवापासनं?"

"इंजिन बसवलं तवापासनं. पयल्या साली मी दोन डाव जितलो, आठवतं का? दोन्ही बारीला गिरनी बंद. घरी पोरं ल्हान हुती, नाना. सगळ्यांचीच हुती."

आता काहीतरी फुटणार असं आम्हां सगळ्यांना वाटलं. नानांनी फरशीवरची एक रेघ बोटाने गिरवली. "म्हंजी अकरा वर्सं मी एकलाच खेळत हुतो," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "कच्चा लिंबू."

लहान मुलांच्या खेळात एखादं अगदी छोटं पोर असतं. त्याला वगळलं तर रडेल म्हणून खेळायला घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचं बाद होणं कोणी धरत नाही. ते पळत असतं, ओरडत असतं, आपण खेळतोय असं त्याला वाटत असतं. त्याला कच्चा लिंबू म्हणतात. अडतीस वर्षांच्या माणसाने स्वतःला तो शब्द लावलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही.

त्यांनी दाणे आणि चिंचोके ओंजळीत गोळा करून एका डब्यात टाकले, फरशीवर रिकामं पोतं पसरलं आणि आत जाऊन इंजिन सुरू केलं.

त्यानंतर महिनाभर गिरणी एक दिवसही बंद नव्हती. पहिला आठवडा गाव खूश होतं. मग सगळ्यांना चुकल्यासारखं होऊ लागलं. दुपारी नाना चहा आतच घेत. बाबाजानभाई आपल्या खोलीत पिंजत बसत आणि त्यांच्या पिंजायच्या धनुष्याची तात पूर्वीपेक्षा जास्त वेळ वाजत राही. भांडण नव्हतं. एकमेकांना 'काय, कसं काय' म्हणत. पण नानांचं त्यांच्याकडे बघणं असं झालं होतं, जसं आपण नव्या दुकानदाराच्या तराजूकडे बघतो.

मालनबाई मला एकदा म्हणाल्या, "पाच बहिनींच्या पाठीवरचं एकलं पोर, बाई. त्या काय ह्यास्नी हरू देत्यात? लपाछपीत बी कधी राज्य आलं न्हाई ह्येंच्यावर. म्या लगीन होऊन आले, तर म्या बी तेच केलं. आता मलाच वाटतं, एकांदा तरी हरवाया पायजे हुतं." त्या हसल्या, पण सूप पाखडता पाखडता थांबल्या होत्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी शाळा सुटायच्या बेताला नाना माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. अंग धुतलेलं, केस काळे, डोक्यावर टोपी. मी क्षणभर ओळखलंच नाही. वर्गात मुलं जमिनीवर बसून चिंचोक्यांनी खेळत होती. एक मुलगी हरली, तिचा ओठ वाकडा झाला, आणि तशीच नाक ओढत ती चिंचोके गोळा करून पुन्हा मांडू लागली. समोरची जिंकलेली मुलगी हाताची घडी घालून गप्प बसून होती.

नाना ते बघत राहिले. "रडली न्हाई ती?"

"रडतात सुरुवातीला. म्हणून मी एक नियम केलाय. हरेल त्यानं मांडायचं."

"म्हंजी?"

"हरलेल्याने पुढचा डाव मांडून द्यायचा. हाताला काम लागलं की निम्मं रडू तिथेच जिरतं."

"आन् जो जितला त्येनं?"

"मांडून होईपर्यंत गप्प बसायचं. एक शब्द बोलायचा नाही."

नानांनी मान हलवली. "त्ये जास्त अवघड हाय," ते म्हणाले आणि निघाले. दारातून वळून त्यांनी विचारलं, "किती दिसांत शिकत्यात पोरं?"

"कोणी आठ दिवसांत. कोणी वर्षभर शिकतं."

"माजं वय जास्त हाय," ते म्हणाले. चेष्टा नव्हती त्यात.

त्याच दुपारी त्यांनी फरशीवरचं पोतं काढलं. मी दळणाच्या निमित्ताने तिथे होते. खरं तर माझ्या घरी चार दिवसांचं पीठ शिल्लक होतं.

"बाबाजान, ये. खरं खेळायचं."

बाबाजानभाई दारात आले. "खरं खेळलो तर तू हरशील."

"हरंन."

"रोज हरशील, नाना. म्या खोटं न्हाई सांगत आता."

"रोज हरंन. तू बस तर."

नाना हरले. बाबाजानभाई खरोखर खेळले की काय असतात हे गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. नानांचा चेहरा पिठाखालीही उतरलेला दिसला. हात दाण्यांकडे गेला आणि चार दाणे ओट्याखाली सांडले. ते त्यांनी वाकून एकेक उचलले, फुंकले आणि नऊ इकडे, नऊ तिकडे, असे मांडले. बाबाजानभाई हाताची घडी घालून गप्प बसून होते. त्यांना तो नियम कोणी सांगितला, मला माहीत नाही.

मांडून झालं आणि नाना ताडकन उठले. इंजिन थांबलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. नानांनी खडू घेतला, पाटी पुसली, आणि थोडा विचार करून लिहिलं: 'आज हरलो. दळण चार वाजता.'

आत जाऊन ते भिंतीकडे तोंड करून निजले. बरोबर चारला इंजिन पुक्-पुक् करू लागलं.

त्या वर्षात ही पाटी गावाने इतक्यांदा वाचली की पोरं तिच्यावरून अक्षरं गिरवायला शिकली असती. पहिले दोन महिने चार वाजता. मग तीन वाजता. उन्हाळ्यात 'अर्ध्या तासाने'. मार्चात निवडणुका होऊन गेल्या होत्या, तेव्हा नगरहून जीपमधून आलेल्या कोणा साहेबांनी पाटी वाचून गंभीरपणे विचारलं, "कोणत्या पक्षाकडून उभे होते?" मालनबाई म्हणाल्या, "मक्याच्या." साहेबांना काही कळलं नाही आणि ओट्यावरचे सगळे त्या दिवशी हसले. नानाही हसले, पाटीवरची वेळ संपायच्या आत हसले, याची मी मनात नोंद केली.

मधेमधे पडझड होई. एकदा ते जिंकता जिंकता हरले आणि जुनी सवय वर आली. पाटीवर 'पट्टा' एवढा शब्द लिहून झाला होता. मग थांबले, हाताने पुसला आणि खाली लिहिलं: 'लई वाईट हरलो. उद्या.' गाव बोललं नाही. खरं लिहिलेल्या पाटीचा गावाला राग येत नव्हता, हे मला तेव्हा दिसलं.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. दळणं कमी झाली. जी येत त्यांत रेशनचा लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, असे आणि त्याचं पीठ चिमटीत घेऊन नाना काहीच बोलत नसत. बरीच माणसं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जात होती. इंजिन तासन्‌तास उभं राही. त्यामुळे डाव वाढले, आणि हरणंही. दिवाळीच्या सुमाराला पाटी कोरीच राहू लागली. नाना हरत, मांडत, उठून इंजिनाकडे जात, आणि चार पावलं चालून झाल्यावर नेहमीसारखे दिसत.

मी विचारलं, "नाना, आता वाईट वाटत नाही?"

"वाटतं की. पर मांडस्तोवर वाटतं. मग दळन असतं."

पण त्यांचं एक दुखणं उरलंच होतं आणि ते मला मालनबाईंनी सांगितलं. "म्हनत्यात, एकांद्या दिशी जितलो, तर त्ये खरं का खोटं कसं वळखायचं? बाबाजाननं दया केली आसंल तर?" अकरा वर्षं ज्याने हसत हसत फसवलं, त्याच्या चेहऱ्यावरून काय ओळखणार?

ते त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत ओळखता आलं. मी तिथे होते. डाव लांबला होता. बाबाजानभाईंकडे चार चिंचोके, नानांकडे पाच दाणे. बाबाजानभाईंनी एक चिंचोका सरकवला आणि बोट उचलल्याबरोबर त्यांना चूक दिसली. तोंडातून 'हत्' असा आवाज आला. नानांनी रेघ पुरी केली. तीन खेळ्यांनंतर पुन्हा एक. बाबाजानभाईंपुढे दोन चिंचोके उरले.

नाना बाबाजानभाईंच्या तोंडाकडे बघत होते.

बाबाजानभाईंचे कान लाल झाले. "मला उजेड येत न्हवता नीट," ते म्हणाले. फेब्रुवारीतली दुपारची अडीचची वेळ होती. "आन् त्यो दाना तू अगोदर हात लावून सोडला हुता." मालनबाईंनी चहाची कपबशी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. उठले, टोपी झटकली, खोलीत गेले, आणि पत्र्याचं दार जोरात लागलं. तात वाजली नाही.

सहा हजारांवर डाव जे हसत हरले होते, ते खरा एक डाव हरले आणि चहा न घेता गेले.

नानांचा चेहरा मी विसरणार नाही. इतकं सुख मी त्या गावात कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं, आणि त्याचा एक शब्दही बाहेर येत नव्हता. कारण डाव अजून मांडला गेला नव्हता. ज्यानं तो मांडायचा, तो माणूस दार लावून बसला होता.

नानांनी इंजिन सुरू केलं. संध्याकाळपर्यंत दळलं. एका बाईने विचारलं, "का वो नाना, आज लई हरला का?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. दळण वासावरून ओळखलं तरी बोलले नाहीत. बोटांनी खुणा केल्या. मालनबाई सांगत होत्या की रात्री जेवतानाही त्यांनी मिठाचं भांडं खुणेनेच मागितलं. फरशीवरचे खडे त्यांनी कोणाला हलवू दिले नाहीत. कोंबड्या येतील म्हणून वर सूप झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दळण नसतानाच गेले आणि छबूबाईही आल्या. दीड वाजून गेला. दोन वाजले. पत्र्याचं दार उघडलं. बाबाजानभाई कोणाकडे न बघता ओट्यावर आले, सूप बाजूला केलं, चिंचोके आणि दाणे गोळा केले आणि मांडू लागले. सावकाश मांडत होते. नाना हाताची घडी घालून बसले होते.

शेवटचा दाणा ठेवून बाबाजानभाई म्हणाले, "झालं. बोल आता. कालपासनं पोटात दुखत आसंल तुज्या."

आम्ही सगळे नानांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चहा घे आधी," नाना म्हणाले. "कालचा राहिलाय."

बाबाजानभाईंनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला. "उजेड बराबर हुता," ते बशीकडे बघत म्हणाले.

"ठावं हाय," नाना म्हणाले आणि त्यांनी पहिला दाणा चौकोनाच्या कोपऱ्यावर ठेवला. तो डाव नाना हरले.

पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. पण मिरजगाव सुटलं नाही. सोलापूरकडे जाताना मी तिथे उतरतेच. मालनबाई गेल्या. बाबाजानभाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटचं वर्षभर त्यांना उठवत नव्हतं, तेव्हा नाना फरशीचा नकाशा पुठ्ठ्यावर काढून त्यांच्या खाटेशी नेत. इंजिन केव्हाच गेलं, गिरणी विजेच्या मोटारीवर चालते आणि नानांची सून ती चालवते. जिच्यावर मी अर्धा ट जोडला होता, ती पाटी आता नाही. फरशी आहे.

नाना आज पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. बाबाजानभाईंची नात मेहताब गावातच दिली आहे. ती दुपारी शिवणकाम आटोपून त्यांच्याशी दोन डाव खेळायला येते. डाव बहुतेक दिवशी नानाच मांडतात.